हदालोबच्या पट्टीचं तूप

अरोम्याच्या बाजारातून गावी यायचं म्हणजे गाढवावर दोन तास. त्या दिवशी अद्रोबला साडेचार लागले, कारण वाटेत त्याला पाच माणसं भेटली.

गाश नदीच्या काठी माणूस भेटला की नुसता सलाम ठोकून पुढं निघता येत नाही. खाली उतरायचं, हात हातात घ्यायचा, आधी तब्येत, मग शेळ्या, मग उंट, आणि एवढं झालं की समोरचा म्हणतो, "बरं, खबर काय?" मग जे ठाऊक असेल ते सगळं सांगायचं. गाळायचं नाही, दडवायचं नाही. शेळी चोरणाऱ्याला पंचायत एखाद वेळी माफ करते. खबर दडवणाऱ्याच्या घरात मुलगी द्यायची म्हटलं की मात्र लोकांना अचानक दुसरी कामं आठवतात.

म्हणून अद्रोबनं ती खबर पाच वेळा सांगितली आणि पाचही वेळा ती त्याला कडू लागली. पाचवा माणूस उंटावर होता. उंट गाढवापेक्षा जोरात चालतो. त्यामुळं अद्रोब आपल्या दारात उतरला तेव्हा त्याचीच खबर त्याच्या आधी येऊन बसली होती आणि बायको शरीफा कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हदालोबची झाडं उपटायची म्हणे."

"म्हणे."

"मालकानं."

"मालकानं," अद्रोब म्हणाला आणि गाढवाची दोरी सोडण्यात फार वेळ घालवू लागला.

"मग? चाळीस वर्षं या घरात एकच गाणं ऐकत आलेय मी. हदालोब आमचं, हदालोब आमचं. उचला की कुदळ."

हदालोब म्हणजे काही मोठं राज्य नव्हे. एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जावी एवढी गाळाची काळी पट्टी. पण गाशचं पुराचं पाणी बांधाच्या दारातून सुटलं की त्या पट्टीतल्या चरातूनच खाली उतरायचं आणि खाली दोन शेतं होती. उजवीकडचं अद्रोबचं, डावीकडचं ओनूरचं. वर्षातून एकदा पाणी येणार, जमीन ते पोटभर पिणार आणि त्या ओलीवर ज्वारी उभी राहणार. दुसरं पाणी नाही, दुसरं पीक नाही.

पट्टी कुणाची यावर अद्रोबचा बाप आणि ओनूरचा बाप भांडले, ते गेल्यावर मुलं भांडली. आता त्या मुलकात जमिनीचा कागद कुणाकडंच नसतो. रीत असते. दुसऱ्याच्या जमिनीवर शेळ्या चारल्या, चार ताटं ज्वारी काढली, तर वर्षाकाठी मालकाच्या घरी तुपाचा एक बुधला न्यायचा. त्याला मानाचं तूप म्हणतात. देणारा म्हणतो जमीन तुमची, घेणारा म्हणतो हो माझी. झाला व्यवहार. पंचायतीत पुढं कधी वाद निघालाच तर कुणाची साक्ष काढत नाहीत, तूप कुणी दिलं आणि कुणी घेतलं एवढंच विचारतात. हदालोबपायी चाळीस वर्षांत या घरातून त्या घरात बोटभर तूप गेलं नव्हतं की आलं नव्हतं. अद्रोबच्या बापानं मरताना पाणी मागितलं नाही, म्हणाला, "त्यांच्याकडं तूप पाठवू नकोस."

तूप नाही तर मग हक्क दाखवायचा कसा? तर शेळ्यांनी. अद्रोबच्या शेळ्या सकाळी हदालोबवर जायच्या, ओनूरच्या दुपारी. चारा असो नसो, जायच्याच. आणि इथंच घोटाळा झाला. अरोम्याच्या रस्त्याकडेला कधीकाळी सरकारनं वाळू अडवायला मस्कीत लावली होती. नाव मस्कीत, पण आपल्याकडचं वेडी बाभूळ हे नाव तिला अधिक शोभतं. वाळू अडली, झाड काही अडलं नाही. त्याच्या शेंगा गोड, शेळ्या त्यावर जीव टाकतात. रस्त्याकडेला शेंगा खायच्या आणि हदालोबवर जाऊन, मालकाचा हक्क दाखवत दाखवत, लेंड्या टाकायच्या. लेंडीतून बी खतासकट पडतं. दोन्ही घराण्यांनी पंधरा वर्षं एवढ्या निष्ठेनं पेरणी केली की शेवटी हदालोबवर हदालोब दिसेना. सगळी हिरवीगार मस्कीत, बोटाएवढे काटे. चर बुजला. गेल्या साली पाणी निम्म्या वाटेत काट्यांत अडकलं, बाभळीनं ते पिऊन टाकलं, आणि अद्रोबच्या शेतात कोपऱ्यावर ओल आली तेवढीच.

पाणीवाटप समितीच्या कारकुनानं आज स्पष्टच सांगितलं होतं. "पूर यायला पाच आठवडे आहेत. पट्टीचा मालक कोण ते तुमचं तुम्ही ठरवा आणि मला कळवा. त्यानं मुळासकट झाडं काढायची. नाही काढली तर त्याचं नाव यंदाच्या पाण्याच्या यादीतून जाणार, सगळ्या जमिनीसकट."

"आणि मालक सापडलाच नाही तर?" अद्रोबनं विचारलं होतं.

"तर बांधाचं ते दार उघडणारच नाही. काट्यांना पाणी पाजायला समिती बसलीय का?"

एवढं रान पाच आठवड्यांत मुळासकट काढणं एका घराच्या आवाक्याबाहेरचं. म्हणजे मालक व्हावं तर मरण, मालक नसावा तर मरण. अद्रोबला जगायची एकच वाट दिसत होती: मालक असावा, पण तो ओनूर असावा. नाहीतर पोर्ट सुदानच्या गोदीत पोती वाहायला जायचं. वय छप्पन्न. गेल्या हिवाळ्यात घरी मेव्हण्याची ज्वारी खाल्ली होती आणि मेव्हणा दर शुक्रवारी नमाजानंतर ज्वारी कशी आहे ते विचारायचा.

"शरीफा," तो शेवटी म्हणाला, "घरात तूप किती आहे?"

शरीफानं कमरेवरचे हात खाली सोडले. "अहो, तुम्ही...?"

"बुधला भर."

"सासऱ्यांची कबर हलेल."

"हलू दे. जिवंत माणसांच्या पोटाचं बघू आधी."

"ऐन उन्हाळ्यात, शेळ्या आटलेल्या असताना, महिन्याचं तूप त्या ओनूरच्या घरी," शरीफा बुधला भरता भरता मोठ्यानं म्हणत होती. गावाला ऐकू जायला हवं होतं. "ज्याच्या बायकोनं माझ्या मुलीच्या लग्नात खजूर मोजून घेतले!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अद्रोबनं तिथल्या पुरुषांच्या रितीनं केसांत लाकडी फणी नीट खोचली, अंगावर स्वच्छ उपरणं घेतलं, त्याखाली बुधला धरला आणि निघाला. ओनूरच्या घरी जायची वाट हदालोबच्या कडेनं जाते. तिथं सावली म्हणजे एका मोठ्या मस्कीतीची. तिच्याखाली पोचतो तोच समोरून ओनूर आला. त्याच्याही केसांत फणी, अंगावर स्वच्छ उपरणं. आणि उपरण्याखाली काहीतरी फुगलेलं.

सलाम झाले. शेळ्या झाल्या. उंट झाले. एरवी उंटांनंतर लगेच खबर विचारतात. पण आज दोघांनाही उंटांबद्दल बरंच विचारायचं होतं, म्हणून आणखी एकदा उंट झाले. मग दोघं एकदमच म्हणाले, "बरं, खबर काय?"

"तू सांग आधी. तू थोरला," अद्रोब म्हणाला.

"मी थोरला? परवा मशिदीत पुढं बसायचं होतं तेव्हा तर म्हणालास, मीच थोरला."

"पुढं बसण्यापुरता."

ओनूर हसला नाही. अद्रोबनं उसासा टाकला. विचारलं की सांगावंच लागतं. "खबर एवढीच, की मी तुझ्याकडंच निघालोय. मानाचं तूप घेऊन. हदालोब तुमचं. माझ्या बापाची चूक झाली."

"तौबा!" ओनूर दोन पावलं मागं सरकला. "तुझा बाप? देवमाणूस! तो कधी चुकला? हट्टी होता तो माझा बाप. हे बघ, मीसुद्धा तुझ्याकडंच येत होतो." त्यानं उपरणं बाजूला केलं. बुधला होता. अद्रोबनं लगेच नजरेनं मापला. आपल्यापेक्षा लहान.

"असं कसं? तुझ्या आजोबांनी इथं विहीर खणली होती. आख्खा गाव साक्षीला आहे."

"खणली, पण पाणी लागलं का? नाही लागलं. जमीन परक्याला पाणी देत नाही, हे तुझाच बाप पंचायतीत म्हणाला होता."

"तो काय, रागात काहीही बोलायचा. तुझ्या शेळ्या तीस वर्षं चरल्या इथं."

"तुझ्या सकाळी चरायच्या. सकाळचं चरणं मोठं."

चाळीस वर्षं जपून ठेवलेला एकेक पुरावा त्यांनी बाहेर काढला आणि समोरच्याच्या पदरात टाकला. दोघांचे बाप असते तर ऐकताना त्यांना चक्कर आली असती. ऊन चढलं. तूप पातळ होऊ लागलं. देणाऱ्यानं मानाचं तूप परत घरी न्यायचं नसतं. नेलं तर दिलेला शब्द गिळल्यासारखं. आणि घेणारा तर दोघांपैकी एकही नव्हता.

"उन्हात उभं राहून किती वेळ एकमेकांना दानधर्म करणार?" झाडांपलीकडून आवाज आला. "आत या. कॉफी टाकलीय."

ती मदीना. अद्रोबची थोरली बहीण आणि ओनूरची वहिनी. भांडण मिटावं म्हणून तिला ओनूरच्या थोरल्या भावाला दिली होती. भांडण मिटलं नाही. मुलगी तेवढी दिली गेली. नवरा सात वर्षांपूर्वी वारला, मुलं पोर्ट सुदानला गेली. सासरचे म्हणाले माहेरी जा, माहेरचे म्हणाले सासरी राहा. मदीनानं एक दिवस आपला चटयांचा तंबू सोडला, गाढवावर घातला आणि बरोबर मध्ये, हदालोबच्या कडेला आणून उभा केला. तिथून ती दोन्ही घरांच्या चुलींचा धूर मोजत बसायची. मस्कीतीच्या फांद्या तोडून कोळसा पाडायची. काट्यांनी तिचे हात फाटले होते, पण दोघांपैकी कुणाच्या दारात ती कधी काही मागायला गेली नव्हती.

तिनं कॉफीच्या बिया भाजल्या, आलं घालून कुटल्या, मातीच्या सुरईत उकळल्या. पहिला कप झाला. दुसरा झाला.

"वहिनी," ओनूर म्हणाला, "हा बुधला तुझ्याकडं राहू दे. अद्रोबच्या घरचं कुणी आलं की दे."

"अक्का, आणि हा ओनूरच्या घरचा," अद्रोब घाईघाईनं म्हणाला.

मदीनानं तिसरा कप भरला. तिसऱ्याशिवाय उठायचं नसतं. "तूप कुणासाठी आहे?"

"हदालोबच्या मालकासाठी," दोघं म्हणाले.

"मालक कोण?"

"हा," अद्रोब म्हणाला.

"हा," ओनूर म्हणाला.

"म्हणजे तुमच्यापैकी कुणी नाही."

"कुणी नाही कसं? हा आहे ना!"

"तुझ्या तोंडानं तू नाहीस, त्याच्या तोंडानं तो नाही. बरं. तंबूच्या आत ठेवू ना? बघा हं, पुन्हा म्हणू नका. आत ठेवू?"

"ठेव, ठेव," दोघं म्हणाले आणि सुटलो म्हणून उठले.

पण अद्रोबला घरी गेल्यावर चैन पडेना. ओनूरचाही बुधला तिथंच आहे म्हणजे फिट्टंफाट झाली. त्यानं आठवड्यानं दुसरा नेला, या वेळी शेजारच्या दोघांना साक्षीला घेऊन. तिकडं ओनूरही दुसरा ठेवून गेल्याचं कळलं, तेव्हा अद्रोबनं शेजाऱ्याकडून उसनं तूप आणलं आणि तिसरा नेऊन ठेवला. शरीफा कोरडी उकड ताटात वाढायची आणि त्याच्याकडं बघत बसायची.

तिसरा बुधला ठेवायला गेला तेव्हा हदालोबवर गर्दी होती. पलीकडच्या वस्त्यांतल्या कोळसेवाल्या बायका, वीस-पंचवीस तरी, कुदळी घेऊन खणत होत्या. मस्कीत वरून तोडली तर एकीच्या चार होतात. जमिनीखाली हातभर खोल मुळाची गाठ असते, ती निघाली तरच झाड मेलं. तंबूसमोर अशा गाठींचा ढीग पडला होता. मदीना खजुराच्या बियांवर हिशेब ठेवत होती: लाकूड जिचं तिनं न्यावं, पण जेवायला बसायच्या आधी दहा गाठी इथं आणून टाकाव्या. आणि जेवण? मोठ्या परातीत ज्वारीची उकड, मध्ये खळगा, खळग्यात तूप. इतकं, की काठावरून ओघळत होतं.

अद्रोबनं आत डोकावून पाहिलं. एक बुधला रिकामा लटकत होता. ओनूरचाच असणार, त्याचाच लहान होता. खाऊ देत. आपल्याला काय?

"हे काम कुणाचं चाललंय?" त्यानं एका बाईला विचारलं.

"मालकाचं."

अद्रोबचा जीव भांड्यात पडला. हरला ओनूर. घेतलं शेवटी कबूल करून. कुठला मालक, हे विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण विचारलं की ती सांगणार, आणि उत्तर कानांवर पडलं की पुढं भेटेल त्याला आपल्याला सांगावं लागणार. न विचारलेलंच बरं. घरी जाऊन तो तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसला आणि शरीफाला म्हणाला, "बघ. ओनूर खणतोय."

त्याच दिवशी तिकडं ओनूर आपल्या बायकोला सांगत होता की अद्रोब खणतोय.

पूर आठ दिवसांवर आला तेव्हा समितीचा कारकून आणि गावचे शेख बेताय पट्टी बघायला आले. सत्तरी उलटलेले शेखबाबा काठी टेकत हदालोबच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. काटा एक नाही. चर मोकळा, तळाशी काळीभोर माती लोण्यासारखी. अद्रोबनं बापाच्या हयातीनंतर ही जमीन अशी पहिल्यांदाच पाहिली, आणि वाकून चिमूटभर माती बोटांत चोळून बघितली. सुंदर होती पट्टी. आजोबा म्हणायचे तशी.

तंबूच्या सावलीला पंचायत बसली. कारकुनानं वही उघडली. "मालकाचं नाव सांगा."

अद्रोब बोलून गेला. खरंच, ठरवून नव्हे. जीभच घसरली चाळीस वर्षांच्या सवयीनं. "अद्रोब वल्द हमद."

"काय?" ओनूर उठलाच. "शेखबाबा, हदालोब आमचं! माझ्या आजोबांनी इथं विहीर खणली!"

"खणली, पण पाणी लागलं का?"

"खाली बसा," शेख म्हणाले. त्यांनी सावकाश दाढी चोळली. "अद्रोब, माझ्या कानावर आलं की महिन्यापूर्वी ही जमीन ओनूरची होती. माझ्या कानावर म्हणजे काय, आख्ख्या गाशच्या कानावर. तूच साक्षीदार नेऊन सांगत होतास की मालक ओनूर आहे."

"ते... झाडं होती तेव्हा."

"म्हणजे झाडं ओनूरची आणि माती तुझी?"

लोक हसले. शेखांनी काठी आपटली. "तूप कुणी दिलं?"

तंबूच्या चटईआडून बांगड्यांचा आवाज झाला. बायका पंचायतीत बसत नाहीत. पण पंचायतच बाईच्या तंबूला टेकून बसली, तर बाई काय करणार? चटई खालून थोडी वर झाली आणि एक हात बाहेर आला. त्यानं एक रिकामा बुधला ठेवला.

"हा माझ्या भावाचा," आतून मदीना म्हणाली.

दुसरा आला. "हा दिराचा."

तिसरा. "हा भावाचा. दोन साक्षीदारांसकट." चौथा. "दिराचा." मग जरा थांबून पाचवा. "आणि हा पुन्हा भावाचा. उसन्या तुपाचा. आमचा अद्रोब मनापासून देतो."

अद्रोबनं फणी काढून पुन्हा केसांत खोचली.

"माझी जमीन नाही, असं अद्रोब तीनदा म्हणाला, ओनूर दोनदा," शेखांनी मोजलं. "आणि तूप खाल्लं कुणी, मदीना?"

"मी खाल्लं, शेखबाबा. मी आणि माझ्या खणणाऱ्या बायकांनी. हदालोबच्या मालकासाठी म्हणून दोघांनी आपल्या हातानं माझ्या तंबूत ठेवलं. मी दोनदा विचारलं, आत ठेवू ना? तंबू बाईचा असतो. तंबूत येतं ते तिचं. खाताना हा माझा भाऊ दारात उभा राहून बघत होता. एक शब्द बोलला नाही."

"मला वाटलं ते ओनूरचं तूप आहे!" अद्रोब ओरडला.

"आणि मला वाटलं अद्रोबचं!" ओनूर म्हणाला.

आता मात्र कारकूनसुद्धा वहीत तोंड घालून हसायला लागला.

"पण शेखबाबा," अद्रोबनं शेवटची धाव घेतली, "बाईच्या नावावर जमीन? आपल्यात कधी झालंय?"

"तूप घेणाऱ्याची जमीन, एवढं आपल्यात झालंय. घेणाऱ्याला दाढी पाहिजे असं माझ्या बापानं मला सांगितलं नाही. तुझ्या बापानं सांगितलं का?" शेख कारकुनाकडं वळले. "लिही. मदीना बिन्त हमद."

कारकुनानं लिहिलं. अद्रोबला आपल्या बापाचंच नाव वहीत उतरताना दिसलं आणि त्याला क्षणभर कळेना की आपण हरलो की बाप जिंकला. मग त्याला खालचं शेत आठवलं, गोदीतली पोती आठवली, मेव्हण्याचा शुक्रवार आठवला. चर आता अक्काच्या जमिनीतून जात होता. सात वर्षं तिला घरी ये म्हणून आपण कितीदा म्हणालो, हे तो मोजू लागला. मोजायला बोटं लागली नाहीत.

"अक्का," तो चटईकडं तोंड करून, हळूच म्हणाला. "पाणी खाली सोडशील ना?"

आतून सुरईतून कपात कॉफी ओतल्याचा आवाज आला.

"बाभळीनं अडवलं होतं तुझं पाणी, मी नाही," मदीना म्हणाली. "सोडीन. दोघांच्याही शेतात. पण शेळ्या इथं आणायच्या नाहीत, सकाळी नाही, दुपारी नाही. आणि त्यांनी पेरून ठेवलंय ते पाणी आलं की उगवणार. ते तुम्ही दोघांनी उपटायचं. दर आठवड्याला, मातीत एकही बी शिल्लक राहणार नाही तोवर."

"तोवर म्हणजे किती वर्षं?" ओनूरनं विचारलं.

"तुमच्या शेळ्यांना विचारा."

गाश आली. बांधाचं दार उघडलं, तांबडं पाणी हदालोबच्या चरातून न अडखळता खाली गेलं आणि अद्रोबचं शेत कडेपासून कडेपर्यंत प्यायलं. महिन्यानं ज्वारी घोट्याएवढी झाली तेव्हा शेळ्याही थोड्या दुभत्या झाल्या, आणि शरीफानं न सांगता बुधला भरून समोर ठेवला. बुधल्याचं तोंडही नीट बांधून दिलं.

हदालोबपर्यंतच्या वाटेवर त्याला तीन माणसं भेटली. तब्येत, शेळ्या, उंट. "बरं, खबर काय?"

"खबर अशी," अद्रोबनं तीनही वेळा सांगितलं, पहिल्यांदा खाली बघून, दुसऱ्यांदा वर बघून आणि तिसऱ्यांदा जरा ऐटीत, "हदालोब माझ्या बहिणीचं. मानाचं तूप घेऊन चाललोय."

ओनूर आधीच येऊन बसला होता. तंबूत नव्हे, पट्टीवर उकिडवा, मान खाली घालून. ओल्या मातीत वीतभर उंचीची नाजूक हिरवी रोपं शेकड्यांनी उगवली होती. अद्रोबनं बुधला तंबूत ठेवला, तीन कप कॉफी प्यायला आणि दुसऱ्या टोकाकडून उपटायला बसला. ऊन चढेपर्यंत दोघं उपटत उपटत मध्यावर आले.

"हे तुझ्या शेळीचं," ओनूर एक रोप त्याच्यापुढं धरून म्हणाला.

"काहीतरीच! इथं तुझ्याच चरायच्या. ही दुपारची बाजू."

"दुपारची बाजू पलीकडं. इथपर्यंत तुझ्या यायच्या, त्या लंगडीला घेऊन."

"ती लंगडी तुझी होती!"

"दोघंही उपटा!" तंबूतून मदीना ओरडली. "आणि गाठीसकट हं. मी मोजणार आहे."